माळेत आठ मणी कमी

चष्मा काढून ठेवा, मोबाइलही. मनगटावरचं घड्याळ चालणार नाही. त्याऐवजी हे खिशातलं घ्या आणि जपा, पुढे गहाण टाकायला उपयोगी पडेल. आता श्वास घ्या. ओल्या सालवृक्षांचा, लिदीचा आणि तेल पाजलेल्या चामड्याचा वास येतोय ना? मग पोहोचलात. हे देहरादून, साल १८६३. हिंदुस्थानच्या मोजणीखात्याचं आवार. एवढे मोठे घोडे झालात, तरी इथे तुम्हाला चालायला शिकवतायत.

हसताय काय, पाय उचला. प्रत्येक पाऊल आधीच्या पावलाएवढंच पडलं पाहिजे. चढावर माणसाचं पाऊल आखडतं आणि उतारावर लांबतं. तुमचं दोन्हीकडे तेवढंच राहायला हवं. दोन हजार पावलांचा एक मैल, हा हिशेब. दुपारपर्यंत पोटऱ्या भरून येतात, पाठीवरून घामाच्या धारा लागतात आणि मनातला आकडा हरवला की पुन्हा पहिल्या खुंटीपासून सुरुवात. संध्याकाळी पाय शेकत बसावं म्हणता, तर हातात ताऱ्यांचे कोन मोजायचा सेक्स्टंट देतात आणि आकाशातल्या मोठमोठ्या ताऱ्यांची नावं विचारतात. हे सगळं दोन वर्षं चालायचं आहे.

मध्येच जमलं तर हौदातल्या पाण्यात स्वतःचं तोंड बघून घ्या. रुंद गालफडं, बारीक डोळे, उन्हानं रापलेली कातडी, तिशी उलटलेली. तुम्ही आता नैनसिंग रावत. कुमाऊंमधल्या जोहार खोऱ्यात मिलम नावाचं गाव आहे, तिथल्या शाळेचे मास्तर. सोबतीला चुलतभाऊ मणीसिंग. आणि काम? बंद दाराच्या तिबेटात शिरायचं, ल्हासापर्यंत चालत जायचं आणि वाट मोजत मोजत परत यायचं.

शाळामास्तर आणि गुप्तहेर? तुम्हाला वाटलं होतं, एखादा उंचापुरा, तलवारबहाद्दर गडी निवडतील. त्याला निवडलं तर तो पहिल्याच नाक्यावर सापडेल. सैनिकाची छाती अंगरख्याखाली लपत नाही. साहेबाचे निळे डोळे तर फर्लांगभरावरून दिसतात. हा डाव ज्याच्या डोक्यातून निघाला, त्या कॅप्टन माँटगोमेरीनं लडाखकडे एक साधी गोष्ट पाहिली होती: आपल्याला जिथे मज्जाव, तिथे हिंदुस्थानी व्यापारी खुशाल ये-जा करतायत. त्यांना कुणी अडवत नाही, कारण ते दरवर्षी येतातच.

जोहारचे भोटिया व्यापारीही असेच. उन्हाळा लागला की खिंड ओलांडून तिबेटात जायचं, धान्य द्यायचं, मीठ आणि लोकर घ्यायची, असं पिढ्यान् पिढ्या चाललेलं. चेहरा त्या बाजूला ओळखीचा, भाषा जिभेवर. त्यातून मास्तर म्हणजे लिहिता-वाचता येणार, हिशेब पक्का आणि तेच ते पन्नासदा करायची सवय. शिवाय मास्तरला कुणी भीत नाही. हेराच्या अंगी हा गुण असला की निम्मं काम झालं.

आता सामान बघून घ्या. ही माळ हातात धरा. थांबा, तुमची बोटं काहीतरी चुकल्यासारखी अडखळली. आजीच्या शेजारी बसून जप पाहिलेल्या हाताला कळणारच. जपमाळ १०८ मण्यांची असते आणि ही शंभराची आहे. तिबेटातही माळ १०८ मण्यांचीच चालते, पण दुसऱ्याच्या हातातले मणी मोजत बसतो कोण? शंभर पावलं झाली की एक मणी सरकवायचा. दर दहावा मणी थोडा मोठा, तो बोटाला लागला की हजार पावलं. पूर्ण माळ फिरली की दहा हजार, म्हणजे पाच मैल. दुसऱ्या हातात प्रार्थनाचक्र. तिबेटी माणूस त्यात मंत्रांचे कागद ठेवतो. तुमच्या चक्रात कोऱ्या कागदाच्या पट्ट्या आहेत, अंतरं आणि दिशा टिपायला. पेटीच्या तळाशी चोरकप्पा, त्यात सेक्स्टंट. कवड्यांच्या पोटात पारा भरून तोंडं मेणानं बंद केलेली. कमरेला लाकडी वाटी, तशी तिथे प्रत्येकाच्याच कमरेला असते. एकही वस्तू अशी नाही की बघणारा म्हणेल, हे काय नवीन?

झालं, निघा.

काठमांडूच्या गल्लीत पोहोचलात तेव्हा चिखल, तळणीचं तेल आणि धुपाचा दर्प एकदमच अंगावर येतो. इथे तुम्ही आणि मणीसिंगनं बशहरचे व्यापारी व्हायचं ठरवलंय. टोप्या बदलल्या, अंगरखे बदलले, गोष्टही पाठ केली: घोडे खरेदी करायचेत आणि जाता जाता देवदर्शनही. आता तिबेटच्या हद्दीवर, किरोंगच्या नाक्यावर या. नाकेदार तुमचं गाठोडं सोडतो. सदरा झटकतो, पीठाच्या पिशवीत हात घालतो, पेटी उघडतो. तुमच्या कानशिलात ठोके पडतायत. पेटी उलटीपालटी करून तो खाली ठेवतो. चोरकप्पा त्याला सापडत नाही.

तरी तो मान हलवतो. बशहर तर तिकडे पश्चिमेला. बशहरी माणूस एवढा वळसा घालून या वाटेनं कशाला येईल?

उलटपावली काठमांडूला परतताना हा धडा नीट मुरवून घ्या, दोन वर्षांच्या तालमीत तो कुणी शिकवला नव्हता. टोपी बरोबर होती, बोली बरोबर होती, सामान बेमालूम होतं. चुकलं ते एवढंच की त्या वेषाच्या माणसाला त्या वाटेवर असायचं काही कारण नव्हतं. वेष शिंपी शिवून देईल. कारण कुठून आणणार?

मणीसिंगची तब्येत ढासळलेली, तो दुसऱ्या वाटेनं जायचं म्हणतो. तुम्ही खोटी वेणी लावून लडाखी होता. एका व्यापाऱ्याशी सलगी करता. तो सोबत न्यायचं वचन देतो, तुमच्याकडून शंभर रुपये उसने घेतो आणि टांग मारतो. पैसे बुडाले म्हणून हळहळू नका. त्याच्याच घरची माणसं किरोंगमध्ये लाजेकाजेस्तव तुमच्यासाठी शब्द टाकतात. फसवला गेलेला माणूस फार खरा वाटतो. तिथला अधिकारी तुमच्याकडून लिहून घेतो: ल्हासाला जाणार नाही, गेलो तर माझं डोकं उडवा. तुम्ही वळणदार मास्तरी अक्षरात सही करता आणि पुढे निघता.

आता थंडीची ओळख करून घ्या. ती आधी नाकाच्या शेंड्याला धरते, मग पापण्यांना. तादूमला तुम्ही आजारी पडल्याचं सोंग करता, म्हणजे आधीचे सोबती पुढे जातील आणि मागून येणारा लडाखी व्यापाऱ्यांचा ल्हासाला निघालेला तांडा गाठता येईल. आला तांडा. आधी घंटांचा आवाज, मग याकच्या अंगाचा उग्र, ओलसर वास, मग माणसं. तांडाप्रमुखाची परवानगी मिळाली आणि तुम्ही गर्दीत मिसळलात. एकट्या माणसाला सगळे विचारतात, तू कोण. तांड्यातल्या माणसाला कुणी विचारत नाही.

संध्याकाळी शेणाच्या गोवऱ्या पेटतात. धूर डोळ्यांत जातो, केसांत मुरतो, पुढले कित्येक महिने निघणार नाही. वाटीत चहा पडतो: तांबूस, खारट, वर लोण्याचा तवंग. ओठ लावायच्या आधीच तुमचा चेहरा वाकडा होऊ पाहतोय, सावरा! साखर, आलं, वेलची काही मागू नका. त्यात भाजलेल्या सातूचं पीठ घाला, बोटांनी मळा, गोळा तोंडात टाका. आणि आणखी एक, सकाळी उठल्याबरोबर अंघोळीचं पाणी शोधत फिरू नका. टिळा नाही, आचमन नाही, जेवणाआधी पानाभोवती पाणी फिरवणं नाही. वेष उतरवून टाकणारी ही सगळी कामं माणसाचे हात त्याला न विचारता करतात.

दिवसभर मात्र तुम्ही भाविक. ओठ हलतायत, मणी सरकतोय, चक्र गरगरतंय. सोबतच्या लडाख्याला गप्पा मारायच्या असतात. तो जवळ आला की चक्र जोरात फिरवा. प्रार्थनेत गुंगलेल्या माणसाला हाक मारायची नाही, हा तिकडचा रिवाज. तो आदरानं बाजूला होतो आणि तुम्ही मनात म्हणता: सात हजार चारशे बारा, सात हजार चारशे तेरा.

त्सांगपो नदीच्या काठी कातड्याच्या होड्या लागलेल्या. तुमच्या डोळ्यांदेखत एक होडी उलटते आणि तीन माणसं त्या करड्या, गोठणाऱ्या पाण्यात जातात. काठावर आरडाओरडा, धावाधाव. आणि मग सगळा तांडा दुसरा उतार शोधायला गुपचूप पुढे सरकतो. तुमच्या हातातली माळ थांबली होती. आकडा आठवा. आठवला? शाबास.

पुढे ताशिल्हुंपोच्या मठात सगळ्यांना मोठ्या लामाच्या दर्शनाला जायचंय. इथे मात्र तुमचे पाय खरोखरच मागे येतात. झडती घेणाऱ्याची भीती वेगळी. या लामाला म्हणे माणसाच्या मनातलं वाचता येतं. नाही जावं, तर लोक विचारतील, हा कसला यात्रेकरू? जा. तुपाच्या शेकडो दिव्यांची ऊब, जुन्या लोण्याचा आंबूस वास, ढोलांची पोटात घुमणारी दणदण, आणि वर आसनावर बसलेलं जेमतेम अकरा वर्षांचं पोर. ते विचारतं: तुमचा राजा खुशाल आहे ना? देशात सुबत्ता आहे ना? तुमची तब्येत बरी आहे ना? तीच वाक्यं सगळ्यांना. कुणीतरी गळ्यात रेशमी पट्टी घालतं, वाटीत चहा ओततं. मन वाचलं नाही. बाहेर येऊन तुम्ही सुटकेचा निःश्वास टाकता, तो मात्र शंभर नंबरी खरा.

जानेवारी १८६६. समोर ल्हासा!

पोताला राजवाडा नजरेला पडल्यावर तांड्यातले लोक जमिनीवर आडवे होतात. तुम्हीही व्हा. मग सराईतल्या दोन खोल्या घ्या, खिडकी उघडा आणि कान मोकळे सोडा. खाली बाजार तापलेला: चीनच्या बाजूनं आलेले चहाच्या विटांचे गठ्ठे, सिक्कीमचा तांदूळ, काश्मीरचं केशर, रेशीम, तंबाखू, कस्तुरी. नेपाळी सोनार ठोकतायत, काश्मिरी दुकानदार दाढी कुरवाळत भाव सांगतायत, चिनी माणसं वेण्या पाठीवर टाकून फिरतायत. एवढ्या जातींची माणसं असल्यावर आणखी एका लडाख्याकडे कोण बघतो? भाव विचारत फिरा, मनसोक्त विचारा. व्यापाऱ्याचा धंदाच मुळी चौकशीचा. कुठला माल कुठून येतो, वाटेत किती दिवस लागतात, नाक्यावर जकात किती, हे शिपायानं विचारलं तर डोकं जाईल. तुम्ही विचारलं तर समोरचा बसायला पाट देतो.

पण चार-दोन आठवड्यांत थैली हलकी होते. पैसे मागवणार कुठून? मग तुम्ही तेच करता जे तुम्हाला येतं. नेपाळी व्यापाऱ्यांना आपल्याकडची हिशेबाची पद्धत शिकवायची. जमा इकडे, नावे तिकडे, बाकी पुढे ओढा. फी म्हणून बरेचदा खाण्याचा जिन्नस हातात पडतो, लोणीच जास्त. गुप्तहेर तिबेटच्या राजधानीत शिकवण्या घेतोय! आणि गंमत अशी की याहून भक्कम आडोसा सरकारी तिजोरीतूनही मिळाला नसता. शिकवण्या घेणाऱ्या मास्तरवर संशय घेऊन बघा, घेता येतो का.

तुमचं खरं काम रात्री. गल्लीतली कुत्री गप्प झाली की कवडीचं मेण नखानं उकरा आणि पारा लाकडी वाटीत ओता. श्वास रोखा, पारा थरथरायला नको. वाटीत एक तारा उतरलाय. सेक्स्टंट डोळ्याला लावा आणि वरचा तारा खालच्या ताऱ्यावर आणून टेकवा. पितळेला बोट चिकटतं, सोडवताना कातडी सोलते. कोन वाचायला कंदिलाची ज्योत क्षणभर मोठी करा आणि लगेच झाका. जिन्यावर पाऊल वाजलं तर? तर वाटी आहे, माळ आहे, रात्री जप करणारा एक भाविक आहे. त्याहून सोपं काम चुलीपाशी. चहाच्या आधणात गुपचूप थर्मामीटर बुडवायचा. इथे पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. त्यावरून उंची काढता येते. वरणभाताची आठवण काढू नका, या आधणात डाळ शिजता शिजत नाही.

इतक्यात तिबेटी नवं वर्ष येतं. घराघरावर पताका, रस्त्यात मुंगी शिरायला जागा नाही. पोतालाच्या उंच भिंतीवरून खालपर्यंत एक दोर ताणलाय आणि दोन माणसं त्यावरून सुसाट घसरत येतायत. गर्दीतून एकच किंकाळी उठते. जिवंत उतरले तर बक्षीस. पाठोपाठ शहराची सत्ता काही दिवसांसाठी द्रेपुंग मठाच्या एका भिक्षूकडे जाते. त्यानं बोली लावून ती विकत घेतलेली, तेव्हा तो दंड वसूल करून पैसे वळते करणारच. हातात चांदीची काठी घेऊन तो निघाला की लोक पटापट अंगणं झाडतात, भिंतींना सफेदी फासतात, गरीबगुरीब शहर सोडून जातात. खांद्याला खांदा, बगलेत बगल, लोण्याचा, घामाचा, चुन्याचा वास. तुम्हाला या गर्दीत फार सुरक्षित वाटतंय.

आणि नेमकी तिथेच मान वर करता, तर समोर किरोंगचा अधिकारी.

तोच. ज्याच्याकडे तुम्ही डोकं लिहून दिलंय. त्याच सुमाराला दोन मठांत भांडण लावलं म्हणून एका चिनी माणसाला बाहेर काढून सरळ त्याचा शिरच्छेद करतात. चौकशी नाही की तारीख नाही. गुडघ्यातलं बळ जातं म्हणजे काय, ते आत्ता कळलं असेल. बिऱ्हाड बदला, रस्त्यावर दिसू नका.

एवढ्यावर भागत नाही. दोन काश्मिरी मुसलमान व्यापारी एक दिवस तुम्हाला गाठतात, बोलत बसतात आणि बोलता बोलता तुमचं सोंग उलगडून हातात देतात. तुम्ही लडाखी नाही, खरं काय ते सांगा. सांगावंच लागतं. आता संपलं, असं धरून तुम्ही डोळे मिटता. तर ते कुणाजवळ ब्र काढत नाहीत. उलट अडचणीत आहात हे पाहून थोडे पैसे उसने देतात. तारण म्हणून मात्र तुमचं घड्याळ ठेवून घेतात. व्यवहार तो व्यवहार. निघताना खिशात घातलेली ती वस्तू अशी कामी आली.

एप्रिलमध्ये लडाखी सोबत्यांबरोबर परतीची वाट. पुन्हा धूर, पुन्हा सातू, पुन्हा मणी. एकूण चाल सुमारे १,२०० मैल, म्हणजे पंचवीस लाखांच्या घरात पावलं. मानसरोवरापाशी मुलखातला एक ओळखीचा व्यापारी भेटतो आणि तुमची देणी भागायची सोय होते. उधारी, जामीन, ओळख, शिकवणी. तुम्हाला तारलं ते याच गोष्टींनी. चोरकप्प्यानं झडती चुकवली, माणसं जोडून दिली नाहीत.

देहरादूनच्या साहेबांनी हे ओळखलं असावं, कारण त्यांची पुढची भरतीही अशीच. दार्जिलिंगच्या शाळेचे मुख्याध्यापक शरच्चंद्र दास. किंथुप नावाचा निरक्षर शिंपी. त्याच्या सोबतच्या लामानं त्याला गुलाम म्हणून विकून टाकलं, तरी त्यानं पळून जाऊन, नदी पुढे कुठे जाते ते कळावं म्हणून खुणा केलेले पाचशे ओंडके दिवसाला पन्नास याप्रमाणे त्सांगपोत सोडले. मास्तर, शिंपी, मुनशी, लामा. लग्नाच्या पंगतीत ज्यांच्या शेजारी बसून जेवाल आणि घरी आल्यावर चेहरा आठवणार नाही, अशी माणसं.

तुम्हाला मात्र अजून घरी जाता येणार नाही. १८६७चा उन्हाळा लागलाय आणि नवा हुकूम आलाय: थोक जालुंगच्या सोन्याच्या खाणी बघून या. पुन्हा बशहरी टोपी चढवा. या खेपेला विकायला पोवळी आहेत, म्हणजे निदान एक कारण तरी आहे.

सोळा हजार फुटांवरचं उघडं पठार. वारा असा की तंबू जमिनीवर टिकत नाहीत, म्हणून सात-आठ फूट खोल खड्डे खणून त्यांत उभारलेत. खाणकामगार लांब दांड्याच्या फावड्यांनी माती ओढतायत आणि जोरजोरात गातायत. रात्री ते गुडघे आणि कोपरं टेकून, पाय पोटाशी घेऊन, सगळे कपडे पाठीवर ढीग करून झोपतात. तुम्हीही तसेच झोपून बघा. पहिल्या तासाला मान धरते, दुसऱ्या तासाला ऊब येते.

सकाळी खाणीचा प्रमुख बोलावतो. काळ्या तंबूत चहा उकळतोय, तंबाखूचा धूर दाटलाय. ल्हासाचा माणूस, चलाख. तुमचा बशहरी अवतार पाहून त्याच्या भुवया उंचावतात. तुम्ही पोवळी काढता. त्याच्या बायकोचे डोळे त्यांवर खिळतात आणि नवऱ्याचा अर्धा संशय तिथेच विरघळतो. मग त्याची नजर पेटीवर जाते. तीच पेटी, चोरकप्प्याची, सेक्स्टंट पोटात असलेली. तो तिच्यावर बोटं फिरवतो. एवढी देखणी पेटी, फिरत्या व्यापाऱ्याकडे?

घाम फुटू देऊ नका. तलवार, विष, दोराची शिडी, यांतलं काहीच इथे कामाचं नाही. नैनसिंगनं जे सांगितलं तेच सांगा, आणि सांगताना थोडी फुशारकी मारा: साहेब लोकांच्या सामानाचा लिलाव होता, तिथे मिळाली.

प्रमुख मान डोलावतो. मोक्याचा सौदा साधल्याची बढाई मारणाऱ्या व्यापाऱ्यावर अविश्वास दाखवणारा माणूस हिमालयाच्या कुठल्याच बाजूला अजून जन्मलेला नाही. वाटी पुढे करा, चहा घ्या. आणि तोंड वाकडं करू नका.